दुपारी दुकानात कोणी नसतं तेव्हा

मे महिना लागला की आमच्याकडे येणाऱ्या प्रश्नांमध्ये दुपार फार येते. साहजिकच आहे, पारा ४५ च्या वर गेल्यावर नागपुरात १२ नंतर कोण घराबाहेर पडणार, बर्डीची अख्खी बाजारपेठ सुद्धा ऊन उतरायची वाट बघते. पण दुकान तर उघडं असतं आणि माणूस आत बसलेला असतो. यावेळी अशी तीन पत्रं घेतली आहेत, त्यातलं एक रात्रपाळीचं.

ताई, मी वर्धमान नगरात एका टाइल्सच्या शोरूममध्ये बिलिंग आणि हिशोब बघते. वय २६. उन्हाळ्यात दुपारी १२ ते ५ गिऱ्हाईकच नसते. हातातलं काम संपलेलं असते, मग मी मोबाइल बघून राहते, आणि घरी जाताना दिवस वाया गेला असं वाटून जीव खट्टू होते. मला लिपिकाच्या परीक्षेची तयारी करायची आहे, पण दुकानात पुस्तक काढलं तर शेठजी काय म्हणतील? वरतून कॅमेरा पण आहे. काय करू?

अगं, जीव खट्टू होतो याचाच अर्थ तुला काम करायची सवय आहे. काहीच न करता पाच तास खुर्चीत बसणं हे काम करण्यापेक्षा जास्त दमवतं, ज्यांनी केलंय त्यांनाच ते कळतं.

आधी एक आठवडा नीट बघ की तुझी दुपार सलग मोकळी असते की तुकड्यांची. बहुतेक तुकड्यांचीच असणार. मधेच फोन येतो, ट्रक येतो, एखादा मिस्त्री सॅम्पल मागायला येतो. त्यामुळे ज्या कामात एकदा बसलं की तासभर मान वर करता येत नाही असं काही घेऊच नको, अर्ध्यात सोडून उठता येईल आणि परत आल्यावर कुठे होतो ते लगेच सापडेल असंच घे. मोबाइलवरचे रील्स मी यासाठीच नको म्हणते, त्यांना शेवटच नसतो, दहा मिनिटं म्हणून बसलं की तास जातो आणि हातात काही राहत नाही.

आता पहिला तास दुकानाचा. तुला माहीतच आहे की टाइल्सच्या प्रत्येक बॉक्सवर बॅच आणि शेड छापलेली असते, आणि डिझाइन तेच पण बॅच वेगळी असली की फरशी बसवल्यावर रंगातला फरक दिसतो. गिऱ्हाईक दोन महिन्यांनी परत येतं, दोन बॉक्स कमी पडले म्हणतं, आणि मग गोडाऊनमध्ये धावपळ सुरू होते. तर दुपारी गोडाऊनमधल्या सुट्या, उरलेल्या बॉक्सची यादी कर, डिझाइन, साइज, बॅच, शेड, किती बॉक्स, कोणत्या रॅकवर. रोज एक रॅक पुरे. एक्सेलमध्ये टाकलं की फिल्टर लावून अर्ध्या मिनिटात उत्तर मिळतं. दसरा-दिवाळीला गृहप्रवेशाची गर्दी होईल ना, तेव्हा ही यादी सोन्याची वाटेल, आणि तेव्हा ती करायला कोणाकडेही वेळ नसेल.

तसाच एक तक्ता काउंटरवर ठेव. दोन बाय दोन फुटी टाइल्सच्या बॉक्समध्ये चार टाइल्स येतात, म्हणजे साधारण साडेपंधरा चौरस फूट. १० बाय १२ ची खोली १२० फूट, त्यात तुटफुटीचे आणि कापण्याचे १० टक्के धरले की १३२, म्हणजे ९ बॉक्स. १० बाय १० ला ८, १२ बाय १५ ला १३. नेहमीच्या खोल्यांचे आकडे असे आधीच काढलेले असले की गर्दीच्या दिवशी कॅल्क्युलेटर शोधत बसावं लागत नाही, चूकही होत नाही.

हिशोब तूच बघतेस तर महिन्याच्या १४ तारखेनंतरची दुपार जीएसटीला राखून ठेव. १४ ला २-बी, म्हणजे विकणाऱ्यांनी आपल्या नावावर दाखवलेल्या बिलांची यादी, तयार होतं, आणि ३-बी, म्हणजे महिन्याचं रिटर्न, २० तारखेपर्यंत भरायचं असतं. या मधल्या दिवसांत खरेदीची बिलं एकेक करून जुळव, ज्या पार्टीचं बिल दिसत नाही तिला लगेच फोन कर, कारण २-बी मध्ये बिल नसलं तर त्याचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, अडकतं आणि तो पैसा शेवटी शेठजींच्याच खिशातून जातो. हे काम १९ तारखेला रात्री करणारे खूप लोक आहेत, तू त्यांच्यातली होऊ नको.

आणि मग तुझी परीक्षा. माझं स्पष्ट मत आहे की लपूनछपून करू नको, ड्रॉवरमध्ये पुस्तक ठेवून कोणी आलं की बंद करायचं, या धाकात अभ्यासही होत नाही आणि मनाला लागून राहतं ते वेगळंच. आधी पंधरा दिवस ती यादी कर, मग शेठजींना यादी दाखव आणि तेव्हाच विचार की दुपारी ३ नंतर गिऱ्हाईक नसलं तर मी टायपिंगची प्रॅक्टिस करू का, कोणी आलं की लगेच उठेन. नाही म्हणाले तर नाही, पण यादी समोर ठेवून विचारलेल्या माणसाला सहसा कोणी एकदम झिडकारत नाही.

टायपिंग मुद्दाम म्हणते आहे. लिपिक-टंकलेखकाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द मिनिटाला असं प्रमाणपत्र लागतं, पुष्कळ मुलं लेखी परीक्षेच्या मागे लागून हे शेवटाला ठेवतात आणि तिथेच अडकतात. आणि टायपिंग हे तुकड्यांच्या वेळात बसणारं काम आहे, पंधरा मिनिटं केलं तरी बोटांना वळण लागतं. आधी मराठी कीबोर्डची मांडणी एकच ठरव, रेमिंग्टन की इनस्क्रिप्ट, दोन्हीत पाय ठेवू नको. ज्या संस्थेतून परीक्षेला बसणार तिथे विचारूनच ठरव. इनस्क्रिप्ट विंडोजमध्ये असतंच, वेगळं काही टाकावं लागत नाही, त्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं उजव्या हाताला येतात त्यामुळे बसायला सोपं जातं. इतिहास-राज्यघटना मात्र घरी वाच बाई, त्याला सलग डोकं लागतं. आणि दुकानाच्या कॉम्प्युटरवर स्वतःचं ईमेल, फोटो, डाउनलोड काही नको.

दुसरं पत्र: माझे बाबा ५४ वर्षांचे आहेत, हिंगणा एमआयडीसीत एका कंपनीच्या गेटवर रात्रपाळी करतात. रात्री ११ नंतर गेटवर काहीच नसते, वेळ जात नाही म्हणतात. मी त्यांना मोबाइलवर काही शिकायला लावून देऊ का? म्हणजे वेळ सत्कारणी लागेल.

बेटा, तुझी माया कळते, पण इथे मी नाहीच म्हणीन. वरच्या ताईची दुपार रिकामी आहे, तुझ्या बाबांची रात्र रिकामी दिसते पण रिकामी नाही. गेटवर काही न होणं हेच तिथलं काम आहे, आणि त्यांचे कान-डोळे मोबाइलमध्ये गेले की ते काम थांबलं. इअरफोन तर अजिबात नको. पहाटे ३ ते ५ मध्ये शरीराला सगळ्यात जास्त झोप येते, तर मोठा राउंड त्याच वेळेला ठेवायला सांग, बसून राहायचं नाही. राउंडमध्ये आग विझवायच्या सिलिंडरचा काटा हिरव्यात आहे का, पिन-सील जागेवर आहे का, समोर कोणी माल लावून ठेवलाय का हे बघून वेळेसकट रजिस्टरमध्ये लिहावं, वेळ सरकतो आणि ते कंपनीच्या खरंच उपयोगी आहे. शिकायचंच असलं तर दिवसा, झोप पूर्ण झाल्यावर. आणि दिवसा त्यांची झोप मोडणार नाही हे घरच्यांनी बघा, कूलर, जाड पडदा, दाराची बेल बंद, एवढं तुझ्या हातात आहे.

तिसरं पत्र: सक्करदऱ्याला माझं मेडिकल आहे. दुपारी २ ते ५ सुनसान. मदतीला १९ वर्षांचा पोरगा आहे, कामाला चांगला आहे पण दुपारी मोबाइल नाहीतर डुलकी. मी रागावलो की कपाटं पुसून राहते, पुसलेलीच परत पुसते. त्याला काय काम देऊ?

भाऊ, पुसलेलं परत पुसायला लावणं आधी बंद करा. पोराला तेवढ्यात कळतं की मालकाला काम नको आहे, आपण हललेलं पाहिजे आहे, आणि मग तो हलत राहायचंच शिकतो.

मेडिकलमध्ये तर दुपारी करण्यासारखं खूप आहे. एक्सपायरीचं घ्या. रोज एक खण, येत्या तीन महिन्यांत संपणारा माल वेगळा काढायचा, जो आधी संपणार तो पुढे आणि उशिराचा मागे. वेळेत काढला तर होलसेलरकडे परत जातो, राहून गेला तर तुमच्या अंगावर. फ्रिजचं तापमान २ ते ८ अंशांमध्ये आहे का ते दुपारी बघून वहीत टाकायचं, मे महिन्यात लाइट गेली की इन्सुलिनचा प्रश्न येतो, तेव्हा लाइट किती वाजता गेली नि आली तेही. एच-१ चं, म्हणजे चिठ्ठीशिवाय न देता येणाऱ्या आणि विक्रीची नोंद ठेवावी लागणाऱ्या औषधांचं, रजिस्टर मात्र तुम्ही स्वतः बघा, नोंदी तीन वर्षं ठेवाव्या लागतात आणि ती जबाबदारी फार्मासिस्टची आहे, पोराच्या गळ्यात घालू नका.

आणि त्याला शिकवा हो. रोज गोळ्यांचे दोन पत्ते समोर ठेवायचे, कंपनीचं नाव झाकायचं, आतलं औषध कोणतं ते वाचायला लावायचं, ते कशावर चालतं ते तुम्ही सांगायचं. बारावी सायन्स झालेला असेल तर डी. फार्मचं, म्हणजे फार्मसीच्या डिप्लोमाचं, विचारा त्याला, कदाचित आजवर कोणी विचारलंच नसेल.

डुलकीबद्दल मात्र मी त्याच्या बाजूने आहे. आधी चौकशी करा की तो सकाळी किती वाजता उठतो. पहाटे पेपर टाकून, नाहीतर दुसरं काम करून येणारी खूप पोरं या शहरात आहेत. तसं असेल तर जेवल्यावर वीस मिनिटं आतल्या खोलीत आडवं होऊ द्या, उघडपणे, घड्याळ लावून, आणि तेवढा वेळ काउंटर तुम्ही सांभाळा.