वाचकांचे प्रश्न : शंभरीतल्या वाचनालयाची ओली भिंत आणि कपाटातले फोटो

प्रश्न : आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाची इमारत पुढच्या वर्षी शंभर वर्षांची होईल. दगडी जोते, वर विटांची भिंत, चुन्याचा गिलावा. पंधरा वर्षांपूर्वी खालचा चार फूट गिलावा काढून सिमेंटचा केला. आता ओल त्याच्याही वर चढली आहे आणि विटांचा भुगा गळतो. गवंडी म्हणतो, वॉटरप्रूफिंगचे रसायन घालून पुन्हा सिमेंटच करू. करावे का?
— ग्रंथपाल, सातारा जिल्हा

उत्तर : अजिबात नको. ओल वर चढली ती सिमेंटमुळे. जुन्या भिंतीत जमिनीतली ओल थोडीफार चढतेच आणि चुन्याच्या गिलाव्यातून ती उडून जाते. सिमेंटने वाट अडवली की ती वर सरकते आणि जिथे सिमेंट संपते तिथे बाहेर पडते. पाण्याबरोबर क्षार येतात. पाणी उडाले की ते विटेच्या पोटात स्फटिक होऊन साठतात आणि मऊ वीट आतून फोडतात. भिंतीला लोणा लागला म्हणतात तो हाच. रसायन घातलेत तर ओल आणखी दोन फूट वर दिसेल.

गिलाव्याला हात लावण्याआधी इमारतीला एक चक्कर मारा. बहुतेक गावांत रस्त्यावर थरावर थर चढून जोते अर्धे गाडले गेलेले असते. बाहेरची जमीन जोत्याच्या माथ्याखाली निदान सहा इंच हवी. तेवढी माती काढा, भिंतीपासून दूर उतार द्या. पायाच्या खाली मात्र खणू नका. पन्हळीचे पाणी भिंतीवर पडते का, जवळची मोरी गळते का, हेही पाहा. हे न करता केलेला कुठलाही गिलावा टिकत नाही.

मग सिमेंट छिन्नी-हातोडीने काढा. ब्रेकर लावू नका, विटांच्या कडा तुटतात. ओलीच्या रेषेच्या वर फूटभर जा. भुगा कोरड्या ब्रशने झाडून गोळा करून बाहेर टाका. पाण्याने धुतलात तर क्षार परत आत मुरतात. दिवाळीनंतर भिंत उघडी ठेवून दोन-तीन महिने वाळू द्या आणि फेब्रुवारीत चुन्याचा गिलावा घ्या. मे महिन्याच्या उन्हात चुना भराभर सुकून तडकतो.

कळीचा चुना, म्हणजे भाजलेल्या चुनखडीचे खडे, लोखंडी पिंपात पाण्यात विरवा. आधी पाणी, मग थोडी थोडी कळी. उलटे केले तर उकळून अंगावर उडतो. चष्मा आणि हातमोजे हवेतच. विरलेला चुना चाळून किमान तीन आठवडे पाण्याखाली मुरू द्या, लोण्यासारखा झाला पाहिजे. एक भाग चुना, एक भाग सुरखी (भाजक्या विटांची भुकटी), दोन भाग धुतलेली वाळू. थर दहा-बारा मिलिमीटरचाच, दोन वेळा. आठवडाभर ओले गोणपाट टांगून ठेवा. वर चुन्याची सफेदीच. ऑइलपेंट लावलात तर सगळी मेहनत वाया जाते.

प्रश्न : शताब्दीला सभागृहात जुनी नाटके करायची आहेत. वायरिंग जुने आहे. चालेल का?

उत्तर : चालणार नाही, आधी बदला. शाहू महाराजांनी उभारलेले, १९१५ साली खुले झालेले कोल्हापूरचे नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत जळाले. ज्या गायक-नट केशवराव भोसल्यांचे नाव त्याला आहे, त्यांची जयंती दुसऱ्याच दिवशी होती. लाकडी छत आणि पडदे असले की आग हाताबाहेर जायला फार वेळ लागत नाही. परवानाधारक वायरमनकडून नवी वायर धातूच्या पाइपातून घ्या, रंगमंचाच्या दिव्यांना वेगळे सर्किट आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवा. प्रयोग चालू असताना एकाही दाराला कुलूप नको.

प्रश्न : कपाटात जुन्या मेळ्यांचे आणि व्याख्यानमालेचे शंभरेक फोटो आहेत. लॅमिनेट करून लावावेत का?

उत्तर : लॅमिनेशन परत निघत नाही आणि फोटो कायमचा अडकतो. सेलोटेपही नको, त्याचा डिंक पिवळा डाग सोडतो. प्रत्येक फोटो पुढून आणि मागून ६०० डीपीआयवर स्कॅन करा, टिफ फाइल (बारकावे न गमावता चित्र साठवणारी) दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. मूळ फोटो आम्लरहित कागदाच्या पाकिटात, आणि कपाट ओल्या भिंतीपासून दूर. भिंतीवर छापील प्रती लावा.

खरी घाई नावांची आहे. फोटोतली माणसे ओळखणारे आजी-आजोबा आज गावात आहेत. मोठी प्रत काढून प्रत्येक डोक्यावर आकडा घाला आणि दुपारच्या वेळी चहा ठेवून त्यांना बोलवा. आकड्यासमोर नाव, घर आणि सांगणाऱ्याचे नाव वहीत लिहा. त्यांना विचारून बोलणे मोबाइलवर रेकॉर्ड करा. दोघांनी दोन नावे सांगितली तर दोन्ही लिहा. मूळ फोटोच्या मागे पेनाने काही लिहू नका. मऊ पेन्सिलीने, कडेला, फक्त आकडा.