पिकअप रस्त्यावर नीट चालते, पण वेग कमी केला की इंजिन बंद पडतं. पंप-इंजेक्टर उतरवावेत का?

तुमच्या प्रश्नातून मला कळलं ते असं: बीएस-४ डिझेल पिकअप, भाजीपाल्याची भाडी. भरलेली गाडी चढाला व्यवस्थित ओढते. पण गतिरोधक किंवा सिग्नल आला, रेसवरचा पाय काढून क्लच दाबला की इंजिन बंद. सेल्फ मारला की लगेच चालू. डिझेल फिल्टर बदलून झाला, फरक नाही, आणि आता मेकॅनिक पंप-इंजेक्टर (डिझेलला दाब देणारा पंप आणि ते सिलिंडरमध्ये फवारणारे इंजेक्टर) उतरवू म्हणतोय.

पंप-इंजेक्टर उघडणं हाच माझा धंदा आहे, तरी सांगतो, इतक्यात उतरवू नका. भरल्या गाडीला चढावर ओढ आहे म्हणजे पंप पुरेसं प्रेशर बनवतोय. आणि गरम इंजिन अर्ध्या सेल्फमध्ये चालू होतं, म्हणजे इंजेक्टर फार रिटर्न मारत, म्हणजे आलेलं डिझेल टाकीकडे परत सोडत नसावेत. रिटर्न जास्त असता तर गरम इंजिनाला सेल्फ लांबवर मारावा लागला असता.

आधी इंजिन बंद कसं पडतं ते बघा. चावी फिरवल्यासारखं फटकन बंद होतं, की आरपीएम आठशेच्या खाली जाऊन दोन-तीन गचके खातं आणि मग बसतं? सगळा तपास यावर ठरतो. शेजारी कोणाला तरी बसवा आणि नजर फक्त आरपीएमच्या काट्यावर ठेवायला सांगा.

फटकन बंद होत असेल तर डिझेल विसरा, वायरिंगकडे वळा. ब्रेक मारताना इंजिन माउंटिंगवर पुढे झुकतं. तेवढ्यात एखादी घासलेली वायर, सैल अर्थ किंवा ढिला कपलर संपर्क सोडतो. गाडी स्लोवर (रेस न देता चालू) ठेवून इंजिनाचा वेग मोजणाऱ्या क्रँक सेन्सरचा कपलर, रिले आणि बॅटरीची टोकं एकेक करून हलवा. पंखा आणि बेल्टपासून हात आणि बाही लांब ठेवा. गाडी गिअरमध्ये असताना, म्हणजे चाकं इंजिनाला फिरवत असतानाच काटा शून्यावर पडला, तर संशय क्रँक सेन्सरवर किंवा त्याच्या वायरवर.

गचके खात बंद होत असेल तर गोष्ट वेगळी. रेसवरून पाय काढल्यावर गाडी गिअरमध्ये असेपर्यंत ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, डिझेल पूर्ण तोडतो. इंजिन चाकांच्या जोरावर फिरत राहतं. क्लच दाबला की तो आधार सुटतो आणि त्याच क्षणी ईसीएमला पुन्हा डिझेल सोडून इंजिन स्लोवर पकडायचं असतं. पंपात किती डिझेल जाईल ते ठरवणारा मीटरिंग वॉल्व्ह अडकत असेल तर रेल प्रेशर (सगळ्या इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीतला, म्हणजे कॉमन रेलमधला दाब) गरजेपेक्षा खाली जातं आणि ही पकड चुकते. रेस दिलेली असताना हा दोष लपून राहतो. म्हणून गॅरेजमध्ये उभ्या गाडीला स्कॅनर लावून 'सगळं ओके आहे' म्हणण्यात अर्थ नाही. स्कॅनर लावून गाडी चालवा, हवं असलेलं आणि प्रत्यक्ष रेल प्रेशर शेजारी-शेजारी बघा. स्लोला साधारण २५० ते ३०० बार दिसतं. पाय काढल्यावर प्रत्यक्ष आकडा हव्या असलेल्या आकड्याच्या बराच खाली जाऊन इंजिन बसलं, तर चोर डिझेलच्या बाजूला आहे. पी००८७ कोड आला तर तोही कमी रेल प्रेशरचाच.

तरीही आधी वॉल्व्ह, मग पंप. आणि वॉल्व्हच्याही आधी हवा. फिल्टर नुकताच बदललाय, त्याचं सील नीट बसलं नसेल तर लाइन एअर धरते. फिल्टर ते पंप या टप्प्यात थोडा वेळ पारदर्शक नळी लावा, बुडबुडे दिसले की उत्तर मिळालं. टाकी पाव असतानाच हे होतं का, तेही आठवून बघा. ब्रेकला डिझेल पुढे सरकतं आणि आतली नळी उघडी पडू शकते.

रेल प्रेशर ठीक असूनही गचके येत असतील आणि काळा धूर असेल तर ईजीआर, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणारा वॉल्व्ह, बघा. कार्बनने वॉल्व्ह उघडा राहिला की स्लोला ताजी हवा कमी पडते. व्हॅक्यूमवर चालणारा ईजीआर असेल तर त्याची नळी काढून तोंड बंद करा आणि एक फेरी मारा. त्रास गेला तर वॉल्व्ह उतरवून साफ करा. कायमचं ब्लँक करून देणारे भेटतील, ते करू नका. ते बेकायदा आहे.

एक साधी गोष्ट बरेच जण बघत नाहीत: क्लच पूर्ण सुटतोय का? सपाटीवर, समोर मोकळी जागा ठेवून, क्लच तळापर्यंत दाबून पहिला टाका. गाडी पुढे सरकू पाहते का, किंवा रिव्हर्स टाकताना खर्र आवाज येतो का? तसं असेल तर ब्रेक लावल्यावर चाकंच इंजिनाला दाबून थांबवतायत. यात पंपाचा काहीच दोष नाही.

नेटवर ब्रेक बूस्टरचा पडदा तपासा असा सल्ला मिळेल. तो पेट्रोल गाड्यांचा, कारण तिथे व्हॅक्यूम इंजिनातूनच घेतलेला असतो. तुमच्या डिझेलला वेगळा व्हॅक्यूम पंप आहे.

पण त्यामुळेच दोष सापडेपर्यंत घाटात जपून. इंजिन बंद पडलं की तो पंपही थांबतो, एक-दोन दाबांनंतर ब्रेक दगड होतो आणि पॉवर स्टिअरिंगही जड होतं. उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल करू नका. बंद पडलीच तर ब्रेक पंप करू नका, एकच घट्ट दाब धरा आणि गाडी गिअरमध्येच ठेवा.

आणि कोणी चालू इंजिनवर इंजेक्टरच्या पाइपचा नट ढिला करून 'कुठला सिलिंडर मारत नाही' बघायला लागला, तर थांबवा. जुन्या पंपाच्या गाड्यांत ही पद्धत चालायची. कॉमन रेलमध्ये तो फवारा कातडी फोडून आत जातो.