घरी बडबड, शाळेत एक शब्द नाही : मुलासाठी मानसतज्ज्ञ निवडताना

‘मॅडम, लहान मुलांचा एखादा चांगला सायकॉलॉजिस्ट सांगा ना.’ पालक मला सगळ्यात जास्त विचारतात ते हेच. मी लगेच नाव सांगत नाही. आधी विचारते, नेमकं काय होतंय? ‘हट्टी झालाय’, ‘अभ्यासात लक्ष नाही’ एवढंच उत्तर आलं, तर म्हणते, काल-परवाचा एखादा प्रसंग सांगा. कोणाकडे जायला हवं, हे बऱ्याचदा त्या प्रसंगातच असतं. तासगावकडच्या एका कुटुंबाची हकिकत त्यासाठीच लिहिते आहे. त्यांना विचारून लिहिते आहे; नावं आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

स्वरा दुसरीत होती. घरी अखंड बडबड, धाकट्या भावावर दादागिरी, आजीला गोष्टी सांगणं. शाळेत मात्र ज्युनिअर केजीपासून एक शब्द नाही. हजेरीला ‘येस’ नाही, तहान लागली तरी पाणी मागणं नाही. दोनदा तर वर्गातच शू झाली, कारण बाईंना सांगायला तोंड उघडलं नाही. ‘लाजाळू आहे, मोठी झाली की बोलेल,’ असं नातेवाईक, शेजारी, शाळा सगळेच म्हणत होते. त्यात दोन वर्षं गेली.

मग धावपळ सुरू झाली. एका केंद्रात दहा बोटांचे ठसे घेऊन रंगीत अहवाल दिला गेला : मुलगी अंतर्मुख आहे, कलेत पुढे जाईल. डीएमआयटी या नावाने हा प्रकार शाळाशाळांतून खपवला जातो. बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धी, स्वभाव किंवा कल कळतो याला शास्त्रीय आधार नाही. त्यावर हजारो रुपये घालवू नका, हे मी पालकसभेत दर वेळी सांगते. तिथून ते एका समुपदेशन केंद्रात गेले. तिथे स्वराला खुर्चीवर बसवून सांगितलं गेलं, ‘नाव सांगितलंस तर चॉकलेट, नाही सांगितलंस तर आई बाहेर थांबेल.’ तास संपेपर्यंत ती मान खाली घालून बसली आणि घरी येऊन ओकली. त्यानंतर ‘डॉक्टर’ म्हटलं तरी ती पलंगाखाली जायची.

माझ्याकडे आई-वडील दोघंच आले. वडील बेदाण्याचे व्यापारी. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, ‘हिला मतिमंद म्हणतील का?’ आईने मोबाइलवरचा व्हिडिओ पुढे केला. त्यात स्वरा भावाला बाई होऊन शिकवत होती : खणखणीत आवाज, लांब लांब वाक्यं, मधेच इंग्रजीत ‘सिट डाउन’. तो व्हिडिओ दहा पानी अहवालापेक्षा जास्त बोलका होता. मी आणखी एक विचारलं, शाळेतल्या मावशींशी मराठीत बोलते का? नाही. सुट्टीत मैदानावर मैत्रिणींशी? नाही. म्हणजे अडचण इंग्रजीची नव्हती.

घरी मोकळेपणाने बोलणारं मूल शाळेत महिन्याहून जास्त काळ गप्प राहत असेल, आणि शाळेचा अगदी पहिला महिना त्यात धरलेला नसेल, तर ‘सिलेक्टिव्ह म्युटिझम’ची शक्यता तपासायला हवी. ही चिंतेची अवस्था आहे. मूल अडून बसलेलं नसतं, बोलायची वेळ आली की भीतीने त्याचा आवाजच निघत नाही. पण मी समुपदेशक आहे, निदान करणं माझं काम नाही. पुढे कोणाकडे जायचं आणि गेल्यावर काय बघायचं, ते आम्ही तिघांनी बसून ठरवलं.

इथे बहुतेक पालकांचा गोंधळ होतो. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्रात शिक्षण घेतलेले डॉक्टर. औषध लागलं तर ते देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाहीत. चाचण्या, निदान आणि थेरपी हे त्यांचं काम. त्यांची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असावी लागते. या नोंदणीचा कायदा 1992 चा आहे. परिषदेच्या संकेतस्थळावर नाव टाकून नोंदणी तपासता येते. सीआरआर क्रमांक, म्हणजे परिषदेकडचा नोंदणी क्रमांक, विचारायला संकोच करू नका. ज्यांच्याकडे तो असतो, ते सांगतात. मानसशास्त्रात एमए केलेले अनेक समुपदेशक मुलांबरोबर फार चांगलं काम करतात, मीही त्यांच्यासोबत करते. पण निदानाचा कागद हवा असेल, तर नोंदणी पाहायलाच हवी. पाटीवर ‘बालमानसतज्ज्ञ’ लिहिलंय एवढ्यावर जाऊ नका.

पण नोंदणी तपासून झाली, म्हणजे निवड झाली असं नाही. स्वराच्या वडिलांना मी म्हटलं, ‘बेदाणा हातात घेऊन बघितल्याशिवाय तुम्ही सौद्यात भाव बोलत नाही, मग इथे फोनवर दोन-चार प्रश्न विचारायला काय हरकत आहे?’ त्यांनी तीन ठिकाणी फोन केले. या वयाच्या, अशाच गप्प राहणाऱ्या मुलांबरोबर काम केलंय का? पहिल्या भेटीत काय करता? आम्हाला, आई-वडिलांना, काय करावं लागेल? शाळेशी बोलाल का? फी किती, आणि उपयोग होतोय की नाही हे केव्हा तपासायचं? एका ठिकाणी सांगितलं गेलं, ‘घेऊन या, दहा सेशनमध्ये बोलायला लागेल, गॅरंटी.’ दुसऱ्या ठिकाणी सरळ सांगितलं, ‘मी मोठ्या मुलांबरोबर काम करते, हा माझा विषय नाही.’ अशा उत्तराचा मला आदर वाटतो. तिसऱ्या ताई म्हणाल्या, ‘पहिल्यांदा तुम्ही दोघंच या. स्वराला आणू नका. तो व्हिडिओ मात्र आणा.’

मी त्यांना म्हटलं, इथेच जा.

पहिल्या भेटीचा पूर्ण तास प्रश्नांत गेला. पहिला शब्द कधी बोलली, कोणाशी कुजबुजते, दुकानात काय करते, पाहुणे आले की तिच्या वतीने कोण उत्तर देतं. शेवटच्या प्रश्नावर आई गप्प झाली, कारण उत्तर तीच द्यायची. त्यानंतर कानांची तपासणी करून घ्यायला सांगितलं गेलं. बोलण्याची कुठलीही तक्रार असेल, तर ऐकू नीट येतंय ना हे आधी बघायचं. किती तरी ठिकाणी हीच पायरी सुटते. वर्गशिक्षिकेकडूनही लेखी माहिती मागवली गेली.

स्वराला नेण्याआधी घरी काय सांगायचं, तेही ठरवून दिलं होतं. ‘फिरायला चाललोय’ अशी थाप मारायची नाही. आईने तिला सांगितलं, ‘एक ताई आहेत. शाळेत बोलताना ज्या मुलांचा आवाज अडकतो, त्यांना त्या मदत करतात. तिथे इंजेक्शन नाही. तुला बोलावं लागणार नाही.’

आणि खरंच बोलावं लागलं नाही. खोलीत आई आणि स्वरा दोघीच सापशिडी खेळत बसल्या, दार बंद. ताई बाहेर. स्वरा नेहमीसारखी आकडे मोजत, ‘आई, तू चिटिंग करतेस’ म्हणत खेळू लागली. पुढच्या खेपेला दार अर्धवट उघडं. मग ताई दारात, पाठमोऱ्या, काहीतरी लिहीत. मग खोलीच्या कोपऱ्यात. आवाज बारीक झाला की त्या तिथेच थांबायच्या, पुढे यायच्या नाहीत. कितव्या तरी भेटीत त्या पटाजवळ बसून नुसता फासा टाकत होत्या आणि स्वरा त्यांच्या सोंगटीचे आकडे मोठ्याने मोजत होती. या पद्धतीत अनोळखी माणूस मुलाच्या बोलण्यात हळूहळू मिसळतो, मुलाला त्याच्यासमोर परीक्षेसारखं उभं राहावं लागत नाही. हेच पुढे शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात, आईला सोबत घेऊन केलं गेलं. बाईंनाही सांगितलं होतं : ‘बोल ना’ म्हणू नका, हजेरीला हात वर केला तरी चालेल, ‘लाल हवा की निळा’ असं विचारा आणि उत्तराची घाई करू नका, आणि पहिला शब्द आला तर टाळ्या वाजवू नका.

या सगळ्यात आजींना एक काळजी होती : हे कागदोपत्री राहिलं, तर पुढे मुलीच्या लग्नात आडवं येईल. ही भीती मी हसण्यावारी नेत नाही, घराघरांत ती आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचाराची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क दिला आहे. अहवाल पालकांच्या हातात असतो. शाळेला पूर्ण अहवाल न देता फक्त सूचनांचं पत्र देता येतं. स्वराच्या बाबतीत तसंच केलं.

खर्च झेपत नसेल किंवा तालुक्यात कोणीच नसेल, तर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा मानसोपचार विभाग गाठा. आमच्या भागात मिरजेला तो आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातली पथकं अंगणवाडी आणि सरकारी शाळांत येतात. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना ती पुढच्या तपासणीसाठी पाठवू शकतात, तेव्हा त्यांच्याकडे तक्रार स्पष्ट शब्दांत मांडा. 14416 हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक चोवीस तास सुरू असतो आणि मराठीत बोलता येतं. मूल स्वतःला इजा करतंय, मरणाच्या गोष्टी बोलतंय किंवा त्याने जेवण सोडलंय, असं असेल तर तज्ज्ञ शोधत बसू नका, त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

स्वराच्या आई-वडिलांनी तीन महिन्यांनी ताईंना विचारलं, ‘अजून वर्गात बोलत नाही, आम्ही बदलून बघू का?’ ताईंनी वही उघडून दाखवली : सुरुवातीला फक्त आईशी, मग ताईंसमोर, मग रिकाम्या वर्गात बाईंसमोर, आता एका मैत्रिणीच्या कानात. अशी नोंद दाखवता येत असेल तर थांबावं, आणि तीन-चार महिन्यांत दाखवण्यासारखं काहीच नसेल तर दुसरं मत घ्यावं. यात कोणाचा अपमान होत नाही.

आता स्वरा बाईंशी एकटी असताना बोलते, हजेरीला हळू आवाजात ‘येस’ म्हणते. प्रार्थनेच्या वेळी आणि मुख्याध्यापकांसमोर अजून नाही. जूनमध्ये तिसरीच्या नव्या बाई येणार आहेत, म्हणून मे महिन्यातच दोन दुपारी त्यांच्याबरोबर रिकाम्या वर्गात खेळायचं ठरलं आहे. सापशिडी आई घेऊन जाणार आहे.