शेणखत आणि गोबरगॅसचं अनुदान : मंजुरीआधी वीट लावू नका

"साहेब, 5 जनावरं आहेत. उकिरडा विहिरीच्या वरच्या अंगाला आहे, पाण्याला वास येतोय म्हणून ग्रामपंचायतीची नोटीस आली. डीलर म्हणतो आत्ता गोबरगॅस बांधून घ्या, सबसिडी मी काढून देतो. आणि साठलेलं शेण तसंच रानात टाकू का?" हा प्रश्न एकाचा नाही, थोड्याफार फरकाने बऱ्याच जणांनी विचारलाय, म्हणून एकत्रच लिहितो.

नोटीस चुकीची नाही भाऊ. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2021 मध्ये डेअरी आणि गोशाळांसाठी जी गाइडलाइन काढली त्यातही हेच आहे, शेण आणि गोठा धुतलेलं पाणी नाल्या-ओढ्यात जाऊ द्यायचं नाही. उकिरडा विहिरीच्या उताराकडच्या बाजूला हलवा, पावसाच्या आत हलवा, याला कुठलंही अनुदान लागत नाही.

पैशाचं थोडक्यात. 2 ते 4 घनमीटर गोबरगॅसला केंद्राच्या 2022 च्या गाइडलाइनमध्ये खुल्या गटाला 14,350 रुपये होते, एससी-एसटीला जास्त. नाडेप टाकीला (शेण-पालापाचोळा थराथराने कुजवून खत करायची टाकी) राज्याच्या शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेत (2021) 10,537 रुपये, रोजगार हमीतून, जॉबकार्ड हवं. आजचा दर आणि टार्गेट शिल्लक आहे का ते पंचायत समितीत जाऊन विचारा, डीलरला विचारू नका.

मंजुरी हातात येईपर्यंत एक वीट लावायची नाही. आधी बांधलं की अनुदान अडकतं, नाडेपचं मस्टर (रोजगार हमीची मजूर-हजेरी) निघत नाही, मग डीलरचं बिल तुमच्या गळ्यात. आणि 5 जनावरांना तो 4 घनमीटरचा प्लांट गळ्यात मारतो, 2 घनमीटरलाच रोज 50 किलोच्या आसपास शेण लागतं, तुमच्याकडे चाऱ्यावर अवलंबून तेवढंच किंवा थोडं जास्त निघेल, मोठा प्लांट अर्धा रिकामा राहणार. वर "गॅस वाढवायचं कल्चर" म्हणून बाटली देतो, ती घेऊ नका, शेणातच जिवाणू असतात. शेण आणि पाणी सारखंच घाला, बास. गोठा फिनेलने धुतलेलं पाणी त्यात अजिबात नको.

आता ताजं शेण रानात टाकायचं का? नाही. परत सांगतो, नाही. पहिल्या पावसानंतर हुमणीचे (मुळं खाणाऱ्या अळीचे) भुंगेरे निघतात आणि मातीत, कच्च्या शेणखतातही अंडी घालतात, मग ऊस असो नाहीतर भुईमूग, मुळं कुरतडून जातात, त्यावर परत महागडं औषध विकायला तोच डीलर हजर. कोंबडीखताचंही तेच, ताजं टाकलं की रोपं जळतात.

माझं म्हणाल तर गोबरगॅसची स्लरी (प्लांटमधून बाहेर येणारं पातळ शेण) नाडेपमध्ये सोडा. 10 बाय 6 बाय 3 फुटांची जाळीदार विटांची टाकी, पाचट-पालापाचोळ्याचा 6 इंच थर, त्यावर स्लरी, त्यावर चाळलेली माती, असं भरत जा आणि वरून शेणमातीने लिंपा. दोन-तीन आठवड्यांत थर खाली बसतो, परत भरा, भेगा पडल्या की पाणी शिंपडून बुजवा. साधारण साडेतीन-चार महिने लागतात. काढायच्या आधी मूठभर खत दाबून वास घ्या, शेणाचा वास आला तर अजून ठेवा, पावसाळ्यातल्या ओल्या मातीचा वास आला तर काढा, शेवटच्या वखरणीआधी पसरा आणि त्याच दिवशी मातीआड करा.