छातीत धडधड, रिपोर्ट सगळे नॉर्मल, मग झालंय काय?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, माझे मिस्टर ३८ वर्षांचे. दिवाळीनंतर एकदा रात्री झोपेतून दचकून उठले, छातीत धडधड, दरदरून घाम, हातापायाला मुंग्या, म्हणाले मी काय आता वाचत नाही. दवाखान्यात नेलं तर ईसीजी नॉर्मल. त्यानंतर असंच अजून दोन-तीनदा झालं, टूडी इको झाला, स्ट्रेस टेस्ट झाली, सगळं क्लिअर, डॉक्टर म्हणतात गॅस असेल, टेन्शन घेऊ नका. पण आता ते गाडी चालवत नाहीत, पुण्याला जायचं म्हटलं की खंबाटकी घाटाच्या भीतीने रद्द करतात, घरी एकटे थांबत नाहीत आणि कुणीतरी सांगितलं म्हणून खिशात सॉर्बिट्रेट, ती हार्टच्या दुखण्यात जिभेखाली ठेवायची गोळी, ठेवतात. सासूबाईंनी दृष्टही काढून झाली. सायकियाट्रिस्टचं नाव काढलं की चिडतात, मी काय वेडा आहे का म्हणून. त्या गोळ्यांची सवय लागते हे खरं का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : ताई, तुम्ही लिहिलंय त्यावरून हे पॅनिक अटॅक वाटतात. नक्की निदान समोर बसूनच होईल, आणि एकदा थायरॉइडही तपासून घ्या, तो वाढला तरी अशीच धडधड होते. पण पहिली गोष्ट, मिस्टर नाटक करत नाहीयेत. धोका समोर नसताना शरीराचा अलार्म वाजतो, अ‍ॅड्रेनलिन सुटतं, हृदय पळतं, श्वास भराभर होतो आणि त्या भराभर श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो म्हणून मुंग्या येतात, गरगरतं. साधारण दहा मिनिटांत हे टोकाला जातं आणि मग आपोआप उतरायला लागतं, म्हणून तर दवाखान्यात पोचेपर्यंत माणूस बराच ठीक असतो आणि घरच्यांना वाटतं उगाच रात्री धावपळ केली.

खरा आजार वाढतो तो दोन अटॅकच्या मधल्या दिवसांत. आज घाट टाळला, बरं वाटलं, उद्या बाजार टाळला, अजून बरं वाटलं, असं करत करत माणूस घरात येऊन बसतो. आणि ती सॉर्बिट्रेट तर आधी काढून घ्या हो, डॉक्टरांनी लिहून दिलेली नसेल तर! तिने बीपी उतरतं, डोकं दुखतं आणि धडधड उलट वाढू शकते, म्हणजे ज्याला घाबरतोय तेच खिशात घेऊन फिरणं झालं.

यावर सीबीटी नावाची थेरपी, म्हणजे भीतीचे विचार आणि टाळण्याची सवय बदलायला शिकवणारे उपचार, चांगली लागू पडते. त्यात थेरपिस्ट समोर बसवून मुद्दाम भराभर श्वास घ्यायला लावतात, जिने चढायला लावतात, म्हणजे धडधड झाली तरी आपण मरत नाही हे शरीराला पटतं. मग हळूहळू गाडी, आधी कोपऱ्यापर्यंत, मग हायवे, घाट सगळ्यात शेवटी.

गोळ्यांचं म्हणाल तर लोक दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करतात. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या अर्ध्या-एक तासात शांत करतात आणि सवय लागते ती यांची, रोज घेत राहिलं तर. मुख्य उपचाराच्या एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिनसारख्या गोळ्यांचं असं व्यसन लागत नाही, पण गुण यायला काही आठवडे जातात, पहिल्या आठवड्यात बेचैनी थोडी वाढूही शकते, आणि नेमके तेव्हाच लोक गोळी सोडतात. बरं वाटल्यावरही सहसा सहा महिने ते वर्षभर चालू ठेवून मग डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू बंद करायच्या, एकदम नाही.

चालताना किंवा चढताना छाती दाबल्यासारखी झाली, कळ जबड्यात किंवा हातात गेली, तर मात्र पॅनिक म्हणून घरी बसू नका, लगेच दवाखाना गाठा.

चिडतात तर आत्ता मनाचा विषय काढू नका, धडधड आणि झोपेसाठी दाखवू म्हणा. तेही नको असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या १४४१६ नंबरवर त्यांनाच बोलू द्या, ही हेल्पलाइन केंद्र सरकारने २०२२ मध्ये सुरू केलीय, फुकट आहे, चोवीस तास चालू असते, मराठीत बोलता येतं.

प्रश्न : डिप्रेशनची ट्रीटमेंट चालू आहे, मेडिक्लेमच्या फॉर्मवर लपवू का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : अजिबात नको, लपवलेलं पुढे निघालं तर क्लेमच नाकारतील. २०१७ च्या मेंटल हेल्थकेअर कायद्याच्या कलम २१ नुसार विमा कंपन्यांना मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच कव्हर द्यावं लागतं. काउन्सेलिंगची फी आणि ओपीडी मात्र प्रत्येक पॉलिसीत असेलच असं नाही, आणि आधीच्या आजारासाठी वेटिंग पिरियडही असतो, म्हणजे ठरावीक काळ त्याचा क्लेम मिळत नाही, सही करण्याआधी तेवढं एजंटकडून लेखी घ्या.