मारहाण झाली, पोलिसांनी नुसती एनसी लिहून घेतली. आता गुन्हा दाखल कसा होणार?

एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद. साधी दुखापत भारतीय न्याय संहितेच्या कलम ११५(२) मध्ये येते आणि ती अदखलपात्र आहे, म्हणून मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. तुमची तक्रार खोटी ठरवली असा याचा अर्थ नाही, धीर सोडू नका.

सगळं अडतं ते वैद्यकीय कागदावर. आजच सरकारी दवाखान्यात जा आणि मेडिको-लीगल नोंद (पोलीस प्रकरणासाठीची दुखापतीची अधिकृत नोंद) करायला सांगा. करंगळी सुजली असेल तरी 'नुसती सूज' म्हणून घरी परतू नका, एक्स-रे काढाच. हाड मोडलेलं किंवा दात पडलेला निघाला तर ती गंभीर दुखापत, कलम ११७(२), दखलपात्र, म्हणजे पोलीस मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय तपास करू शकतात. कोयता, चाकू यांसारख्या हत्याराने मारलं असेल तर कलम ११८. तो अहवाल घेऊन पुन्हा ठाण्यात जा, एफआयआर मागा. तिची प्रत मोफत मिळते.

तरीही टाळाटाळ झाली तर पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज पाठवा, पोच जपून ठेवा. मग मॅजिस्ट्रेटकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३) खाली अर्ज करता येतो. दुखापत साधीच असेल तर मॅजिस्ट्रेटकडे थेट खासगी फिर्यादही चालते.

एफआयआरनंतर जबाब, पंचनामा, मग आरोपपत्र. आरोप निश्चित करतं ते न्यायालय, पोलीस नव्हे. आणि हो, रक्ताचे डाग पडलेला शर्ट धुऊ नका, कागदी पिशवीत ठेवा.