बंद घर, कडाक्याची थंडी आणि सांडपाण्याची लाइन

प्रश्न : खेड्यातलं घर हिवाळ्यात चार महिने बंद असतं, आत ऊब ठेवण्याची सोय नाही. निघताना मुख्य व्हॉल्व्ह बंद करून सगळे नळ उघडे ठेवतो, गिझर रिकामा करतो. तरी परतल्यावर बेसिनखालचा ट्रॅप (सांडपाण्याच्या पाइपचा पाणी अडवणारा बाक) तडकलेला आणि कमोडला चीर गेलेली. कुठे चुकतंय?

उत्तर : तुम्ही येणारं पाणी काढलंत, जाणारं तसंच राहिलं. गोठताना पाणी साधारण ९ टक्के फुगतं, आणि सांडपाण्याच्या लाइनमध्ये ते मुद्दाम अडवून ठेवलेलं असतं. बेसिन, सिंक, नहाणी ट्रॅप, कमोड, वॉशिंग मशीनची निचरा लाइन, या प्रत्येकाच्या बाकात निदान ५० मिलिमीटर उंचीचं पाणी उभं असतं. सेप्टिक टँकमधले वायू घरात शिरू नयेत म्हणून ते तिथे लागतंच. त्यामुळे ट्रॅप नुसते रिकामे करून जाऊ नका. पाणी काढून त्या जागी प्रॉपिलीन ग्लायकॉलचं तयार द्रावण भरा. थंड प्रदेशात फिरत्या घरांच्या (कॅराव्हॅनच्या) नळांसाठी ते विकतात, रंग बहुधा गुलाबी असतो. फार थंडीत त्याचा टणक बर्फ होत नाही, लगदा होतो, आणि लगदा पाइप फोडत नाही. शिवाय साधं पाणी काही आठवड्यांत सुकून जातं, हे अगदी सावकाश उडतं.

बहुतेकांची चूक होते ती पातळ करण्यात. ४० मिलिमीटरच्या ट्रॅपमध्ये अंदाजे ३०० मिलिलिटर पाणी असतं. त्यावर पेलाभर द्रावण ओतलं की अर्धं-अर्धं मिश्रण होतं आणि डब्यावर लिहिलेल्या तापमानाचा भरवसा राहत नाही. म्हणून खाली बादली धरून ट्रॅपची बूच उघडा, पाणी सोडा, बूच घट्ट लावा आणि मग अर्धा लिटर द्रावण घाला. बूच नसेल तर एक लिटर सावकाश ओता, म्हणजे जुनं पाणी पुढे ढकललं जाईल. नहाणी ट्रॅपमधलं पाणी आधी स्पंजने टिपून घ्या.

कमोडला वेळ द्या. पाणी बंद करून फ्लश करा आणि टाकीच्या तळाशी उरलेलं बोटभर पाणी स्पंजने पार कोरडं करा. भांड्यातलं पाणी प्लंजरने बाकापलीकडे ढकला, राहिलेलं टिपा. मग सुमारे दोन लिटर द्रावण घाला; बाकाचं तोंड पूर्ण बुडालं पाहिजे. चिनी मातीला जराही ताण सोसत नाही, इथे काटकसर करू नका.

प्रश्न : आमचे ट्रॅप शाबूत राहिले, पण घराच्या फरशीखालच्या पोकळीतला सांडपाण्याचा आडवा पाइप फुटला. तो तर एरवी रिकामाच असतो ना?

उत्तर : रिकामा असायला हवा. फुटला, म्हणजे तिथे पाणी उभं होतं. बहुतेक वेळा दोन क्लॅम्पमधलं अंतर जास्त असतं, पाइप मधे झोळीसारखा लोंबतो आणि त्या झोळात पाणी राहतं. ६५ मिलिमीटरपर्यंतच्या पाइपला मीटरमागे २० मिलिमीटर आणि ७५ किंवा मोठ्याला निदान १० मिलिमीटर ढाळ द्या. प्लास्टिकच्या पाइपला दर १.२ मीटरवर आधार हवा. सलग ढाळ पाणसळ लावून तपासा, नजरेवर जाऊ नका. दोन्ही टोकं बरोबर असून मधला भाग खाली असू शकतो.

दुसरं कारण म्हणजे टिपकणारा नळ. व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नसेल तर थेंब थेंब पाणी थंडगार पाइपमधून वाहता वाहताच गोठतं, थरावर थर चढतो आणि शेवटी लाइन बुजते. जोराने गेलेलं बादलीभर पाणी गोठायच्या आत निघून जातं. धोका या बारीक धारेचा असतो. व्हॉल्व्हचा वायसर निघण्यापूर्वीच बदला.

प्रश्न : थंडीत दोन-तीन दिवस राहायला गेलो तर फ्लश केल्यावर सिंकमधून गुडगुड आवाज येतो आणि नंतर वास सुटतो. उन्हाळ्यात काहीच होत नाही.

उत्तर : छपरावरचा वेंट पाइप, म्हणजे सांडपाण्याच्या लाइनला हवा देणारा आणि वायू बाहेर सोडणारा पाइप, बर्फाने बंद होतोय. सेप्टिक टँकमधली हवा उबदार आणि दमट असते, ती वर चढते. थंड पाइपच्या आतल्या अंगाला बाष्प गोठतं आणि थर कडेकडून वाढत भोक बारीक करत जातो. तोंड बंद झालं की फ्लशच्या पाण्यामागे हवा मिळत नाही, मग ते सिंकच्या ट्रॅपमधून हवा खेचतं. त्याबरोबर ट्रॅपमधलं पाणीही जातं. म्हणून आधी आवाज, मग वास.

४० मिलिमीटरचा वेंट अशा हवेत पुरत नाही. छपराच्या खाली निदान ३०० मिलिमीटरपासून वर तो ७५ मिलिमीटरचा करा, म्हणजे थर जमला तरी मधून वाट राहते. माळ्यावरच्या भागाला उष्णतारोधक गुंडाळा. छपरावर पाइप बर्फाच्या नेहमीच्या थराच्या वर निघेल एवढाच ठेवा, किमान १५० मिलिमीटर. जास्त उंच पाइप लवकर गारठतो. पाइपच्या तोंडावरची जाळीची टोपी (काउल) काढून टाका, बर्फ आधी त्या बारीक जाळीवरच धरतो. एकतर्फी हवेचा व्हॉल्व्ह हा इथे पर्याय नाही. तो फक्त हवा आत घेतो, वायू बाहेर सोडत नाही, आणि त्याचा रबरी पडदा थंडीत चिकटूही शकतो. घराला छपराबाहेर उघडणारा निदान एक वेंट हवाच.

प्रश्न : ट्रॅपमध्ये मीठ किंवा गाडीचं कूलंट घातलं तर?

उत्तर : दोन्ही नको. मिठाने धातूचे भाग गंजतात. गाडीच्या कूलंटमध्ये बहुधा एथिलीन ग्लायकॉल असतं. ते विषारी आहे, आणि गोडसर असल्यामुळे जनावरं ते चाटतात.

प्रश्न : घर बंद करण्याआधी सेप्टिक टँक उपसून घ्यावा का?

उत्तर : नाही. रिकामी टाकी, विशेषतः प्लास्टिकची, जमिनीतलं पाणी वाढलं की वर उचलली जाते आणि जोड तुटतात. उपसा घर वापरात असतानाच करून घ्या. थंडीआधी झाकणावर आणि टाकीकडे जाणाऱ्या पाइपवर २०० ते ३०० मिलिमीटर पेंढा किंवा वाळकी पानं पसरा. तिथला बर्फ तुडवू नका, गाडी नेऊ नका. भुसभुशीत बर्फ पांघरुणाचं काम करतो, दाबला की ती ऊब जाते.

परतल्यावर मुख्य व्हॉल्व्ह लगेच उघडू नका. आधी बाहेरून आणलेलं एक-एक बादली पाणी प्रत्येक बेसिनमध्ये आणि कमोडमध्ये ओता आणि दुसऱ्या कोणाला तरी टॉर्च घेऊन खाली जोडांकडे बघायला सांगा. ट्रॅपमधलं थोडंसं द्रावण या पाण्याबरोबर टाकीत गेलं तर काही बिघडत नाही. कुठे ओल दिसली तर तो जोड दुरुस्त करूनच नळाचं पाणी सुरू करा.